ठळक अक्षराची मर्यादा

श्रोते हो, आजचा माझा विषय डोळ्यांनीं पाहावयाचा आहे, आणि तो मला आपल्या कानांवर घालावयाचा आहे. ही अडचण मोठी खरी. पण ज्या मनुष्यानें छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहून मुलांना न दिसणाऱ्या नद्या आणि न पाहिलेले डोंगर सांगितले, त्यानें अशा अडचणीचें भय धरूं नये. विषय आहे छापील अक्षराचा. आणि त्यांतही 'क्लॅरेंडन' या नांवाच्या एका इंग्रजी अक्षरवळणाचा. हें वळण ठळक, भरदार आणि पायाशीं रुंद असें आहे. आपल्या कपाटांतील एखाद्या जुन्या इंग्रजी शब्दकोशांत हें किंवा याच्या कुळांतलें अक्षर आपण पुष्कळ वेळां पाहिलें असेल. नांव मात्र ऐकलें नसेल. मींही तें ऐकलें नव्हतें. तें ऐकण्याचा प्रसंग माझ्या एका चुकीमुळें आला, म्हणून आरंभ त्या चुकीपासूनच करतों.

गोष्ट १९८६ सालची. मी सातवीच्या वर्गाला शिकवीत होतों. सहामाही परीक्षा जवळ आली होती, आभाळ सारखें भरलेलें असे, आणि आमच्या शाळेंत विजेचा भरंवसा नव्हता. मागल्या बांकांवरील मुलांना प्रश्नपत्रिका नीट वाचतां यावी, म्हणून मीं तालुक्याच्या गांवीं छापखान्यांत जाऊन सांगितलें कीं, या वेळीं सबंध प्रश्नपत्रिका ठळक खिळ्यांत छापा. तेथील वृद्ध जुळाऱ्यानें मान हलविली. तो म्हणाला, "गुरुजी, इतके काळे खिळे आमच्या पेटींत नाहींत. ते मथळ्यापुरतेच ठेवलेले असतात." मीं आग्रह धरला. त्यानें दोन पेट्या धुंडाळून कसेबसे खिळे पुरविले आणि पान माझ्या इच्छेप्रमाणें छापून दिलें. पान मोठें भारदस्त दिसलें, आणि मी संतुष्ट झालों.

प्रश्न पांच होते. त्यांच्या वर एक ओळ होती, 'खालीलपैकीं कोणत्याही तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहा.' एरवीं ही एकच ओळ ठळक असे, आणि मुलांची नजर प्रथम तिच्यावरच जाई. या वेळीं ती इतर ओळींसारखीच काळी होती, म्हणून ती कोणालाही दिसली नाहीं. निम्म्याहून अधिक मुलांनीं पांचही प्रश्न लिहावयास घेतले. वर्गांतली सर्वांत हुशार मुलगी चार उत्तरें घाईघाईनें उरकून पांचव्याच्या मध्यावर असतांना घंटा झाली. मीं तिचीं उत्तम तीन उत्तरें धरून गुण दिले. पण घाईंत लिहिलेलें एकही उत्तर तिच्या योग्यतेचें उतरलें नव्हतें. गांवच्या एका सद्गृहस्थांनीं पहिल्या येणाऱ्यास पुस्तकांचें पारितोषिक ठेवलें होतें, तें तिच्या हातचें गेलें. मीं तिला विचारलें, "अग, वरची ओळ वाचली नाहींस का?" ती खालीं पाहत म्हणाली, "गुरुजी, सगळेंच काळें होतें. मला वाटलें, सगळेंच महत्त्वाचें आहे."

पुढच्या वेळीं छापखान्यांत गेलों तेव्हां हा प्रकार मीं त्या जुळाऱ्यास सांगितला. तो हंसला नाहीं. त्यानें एका खणांतून इंग्रजी अक्षरांचे चार खिळे काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, "याला आमच्या धंद्यांत क्लॅरेंडन म्हणतात. हें भिडू अक्षर आहे, गुरुजी. एकटें खेळवायचें नसतें." या शब्दांचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनीं, थोडेंफार वाचन झाल्यावर कळला. तोच आज आपणांस सांगावयाचा आहे.

प्रथम या अक्षराचें रूप डोळ्यांपुढें आणूं या. इंग्रजी 'आय' हें मोठें अक्षर घ्या. तो एक उभा खांब आहे. साध्या पुस्तकी वळणांत त्या खांबाच्या माथ्याला आणि पायाला बारीक आडवी रेघ असते. तिला सेरिफ म्हणतात. क्लॅरेंडनमध्यें खांब जाड असतो, आणि ती आडवी रेघही चांगली जाड, पाटासारखी असते. खांब पाटावर नुसता ठेवलेला मात्र दिसत नाहीं. वडाचा बुंधा जमिनीशीं येतांना जसा पसरत जातो, तसा हा खांब गोलाई घेत त्या पाटांत मिसळतो. लहान लिपींतील 'ए', 'सी', 'आर' या अक्षरांच्या टोकांना वाटोळे टिंब असतात. जणुं आपला अनुस्वारच तेथें येऊन चिकटला आहे. जाड आणि बारीक रेघांत फरक असतो, पण तो बेताचा. एकंदरींत हें अक्षर बसक्या बांध्याच्या, पाय रोवून उभ्या राहिलेल्या, पण चेहऱ्यानें प्रसन्न अशा माणसासारखें दिसतें.

आतां याचा जन्म कां झाला तें पाहूं. हस्तलिखितांच्या काळीं लेखकास एखादा शब्द उठून दिसावा असें वाटलें तर तो शाईचा रंग बदली. आपल्या पोथ्यांत अध्यायाची समाप्ति, वक्त्याचें नांव, श्लोकाचा अंक हीं तांबड्या शाईनें लिहिलेलीं किंवा गेरूनें माखलेलीं आढळतात. युरोपांतील मठांतही तोच रिवाज होता. छपाई आली आणि ही सोय महाग झाली. कारण दुसरा रंग म्हणजे तोच कागद यंत्रावर दुसऱ्यांदा चढविणें. मग एकाच काळ्या शाईंत शब्द निराळा कसा करावयाचा? इंग्रज मुद्रकांनीं तिरपें इटालिक अक्षर वापरलें, मोठीं अक्षरें वापरलीं, किंवा जुन्या गॉथिक वळणाचें काळेंकुट्ट अक्षर मध्येंच घातलें. हे तिन्ही उपाय चालत. पण शब्द त्याच वळणाचा राहून केवळ आवाज चढविल्यासारखा दिसावा, हें त्यांपैकीं एकानेंही साधत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या भिंतींवर जाहिरातींची गर्दी झाली. सरकारी सोडती, नाटकें, घोडागाड्यांच्या वेळा, लिलांव, यांचे कागद एकमेकांशेजारीं चिकटूं लागले, आणि प्रत्येकास दुसऱ्याहून मोठ्यानें बोलावयाचें होतें. रॉबर्ट थॉर्न नांवाच्या अक्षर ओतणाऱ्या कारागिरानें १८०३ च्या सुमारास या गरजेसाठीं अतिशय लठ्ठ अक्षरें काढलीं, असें मानतात. त्यांच्या उभ्या रेघा विलक्षण जाड आणि आडव्या मात्र केसासारख्या बारीक होत्या. मल्लाच्या देहाला तान्ह्या बाळाचीं मनगटें लावावींत तशीं. पुढें १८१५ ते १८१७ च्या दरम्यान व्हिन्सेंट फिगिन्स यानें दुसरें टोक गांठलें. त्याच्या अक्षरांचे पाट खांबांइतकेच जाड आणि चौकोनी होते. हीं दोन्हीं अक्षरें लांबून दिसत, परंतु तीं पुस्तकाच्या ओळींत बसविण्याजोगीं नव्हतीं. चावडीवरील दवंडी घरांतील बोलण्यांत शोभत नाहीं, तसाच हा प्रकार होता.

थॉर्न १८२० त वारला आणि त्याची लंडनमधील फॅन स्ट्रीटची ओतशाळा विल्यम थॉरोगुड यानें घेतली. त्या ओतशाळेंत पुढें रॉबर्ट बेसली हा भागीदार झाला. १८४५ मध्यें या बेसलीनें क्लॅरेंडन हें वळण बाजारांत आणलें. त्याचे ठसे कोरण्याचें काम बेंजामिन फॉक्स या कारागिराचें होतें. ऑक्सफर्ड येथील क्लॅरेंडन मुद्रणालयावरून हें नांव ठेवलें असावें, असें मानतात. या वळणांतील नवी गोष्ट अशी कीं, तें भिंतीवरून उतरून पुस्तकांत आलें. मजकुराच्या साध्या अक्षराशेजारीं, त्याच ओळींत, त्याच उंचीनें उभें राहावें आणि तरी ओळखूं यावें, या हेतूनें तें घडविलेलें होतें. शब्दकोश, सूच्या, वेळापत्रकें यांत ज्या शब्दाचा शोध घ्यावयाचा, तेवढाच शब्द क्लॅरेंडनमध्यें, आणि बाकी सर्व साध्या अक्षरांत. तांबड्या शाईचें काम काळी शाई करूं लागली ती अशी.

बेसलीनें आणखी एक गोष्ट केली. कापडावरील नक्षी वगैरेंच्या रक्षणासाठीं इंग्लंडांत १८४२ त जो कायदा झाला होता, त्याखालीं त्यानें आपल्या अक्षराची नोंद केली. संरक्षण तीनच वर्षांचें होतें. मुदत सरतांच इतर ओतशाळांनीं तशींच अक्षरें काढलीं, आणि थोड्याच काळांत क्लॅरेंडन हें एका मालाचें नांव न राहतां कोणत्याही ठळक अक्षराचें सामान्य नांव होऊन बसलें. आमच्या तालुक्याच्या जुळाऱ्याच्या तोंडीं तें नांव आलें तें याच वाटेनें. बेसलीचें स्वतःचें भाग्य मात्र उजळलें. १८६९ त तो लंडन शहराचा लॉर्ड मेयर झाला.

या अक्षराचा उत्तम उपयोग पाहावयाचा असेल तर ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशाकडे जावें. जेम्स मरे यांच्या संपादकत्वाखालीं त्याचा पहिला भाग १८८४ मध्यें निघाला आणि मूळ काम १९२८ त पुरें झालें. तेथें प्रत्येक मुख्य शब्द क्लॅरेंडनमध्यें छापलेला आहे. एका पानावर तीन दाट स्तंभ असतात. त्यांत व्युत्पत्ति, अर्थ, सन आणि शेंकडों वर्षांच्या ग्रंथांतील उतारे खच्चून भरलेले असतात. असें असूनही आपलें बोट क्षणांत हव्या त्या शब्दावर येतें. याचें कारण असें कीं, पानावरील बहुतेक सर्व अक्षरें हळू बोलत आहेत आणि थोडींच तेवढीं स्पष्ट उच्चारानें हांक मारीत आहेत. त्या हांकेचें बळ त्या काळ्या शब्दांपेक्षां भोंवतालच्या शांततेंत अधिक आहे.

याच्या उलट टोकाचा उपयोग अमेरिकेंत झाला. तेथें डेरियस वेल्स यानें १८२७ त लांकडी अक्षरें यंत्रानें कोरण्याची युक्ति काढली, आणि १८३४ त विल्यम लेव्हनवर्थ यानें तिला एका नमुन्यावरून लहानमोठीं रूपें काढणाऱ्या साधनाची जोड दिली. शिशाचें हातभर उंचीचें अक्षर जड आणि महाग पडतें. लांकडाचें हलकें आणि स्वस्त. मग क्लॅरेंडनला मनसोक्त ताणण्यांत आलें. कोणी तें उंच आणि अरुंद केलें, कोणी त्याचे वरचे आणि खालचे पाट खांबाहूनही जाड केले. फरारी गुन्हेगारांस पकडण्याच्या ज्या जाहिराती चित्रपटांत दिसतात, त्यांवरील अक्षरें याच कुळांतलीं. एका कागदावर आठ दहा ओळी, प्रत्येक ओळ निराळ्या जाडीची, आणि प्रत्येक ओळ ओरडणारी! आज अशा कागदाची आपणांस मौज वाटते. पण त्यांतील मजकूर शोधावयाचा झाला तर डोळे थकतात.

विसाव्या शतकाच्या मध्यास हें वळण पुन्हां नव्यानें आवडूं लागलें. १९५३ मध्यें स्वित्झर्लंडमधील हास ओतशाळेसाठीं हेर्मान आयडेनबेन्झ यानें त्याची डौलदार नवी आवृत्ति तयार केली. अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांच्या पाट्यांवरही क्लॅरेंडन अनेक वर्षें वापरण्यांत आलें. त्या ठिकाणीं तें कां शोभतें हें आपल्या ध्यानांत आलेंच असेल. पाटीवर दोनचार शब्द असतात, भोंवतीं मोकळें रान असतें. जाड पाटांमुळें अक्षराचीं टोकें लांबूनही तुटत नाहींत, आणि गोलाईमुळें तें दरडावल्यासारखें वाटत नाहीं. वाटसरूस आज्ञा करणाऱ्या शिपायापेक्षां वाट सांगणाऱ्या गृहस्थासारखें तें दिसतें.

येथें एखादा श्रोता विचारील कीं, या इंग्रजी अक्षराच्या कथेशीं मराठी वाचकाचा संबंध काय? माझ्या मतें संबंध इंग्रजांपेक्षांही निकट आहे. इंग्रजींत ठळक अक्षर नसतें तरी मोठीं अक्षरें आहेत, इटालिक आहे. आपल्या देवनागरींत लहान अक्षर आणि मोठें अक्षर असा भेद नाहीं. तिरपें अक्षर आपण उसनें घेतलें, पण शिरोरेघेखालीं सरळ लोंबणाऱ्या आपल्या अक्षरास तें मानवत नाहीं. म्हणजे एका आकाराच्या ओळींत शब्द उठवावयाचा, तर जाडी हेंच आपलें मुख्य साधन उरतें. ज्याच्याजवळ एकच साधन, त्यानें तें अधिक जपून वापरलें पाहिजे.

शिवाय आपल्या अक्षराची प्रकृति जाडीला थोडी नाजूक आहे. इंग्रजी खांब जाड केला तर तो बाजूस सरकतो. आपल्याकडे माथ्यावर शिरोरेघ, तिच्यावर वेलांट्या आणि मात्रा, खालीं उकार आणि पोटांत जोडाक्षरें, अशी दाटी असते. शिरोरेघ जाड झाली कीं ती खालच्या पोकळींत उतरते. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतील भेद शिरोरेघेजवळच्या एवढ्याशा फटीवर आणि गांठीवर अवलंबून आहे. अक्षर लहान, जाड, आणि शाई थोडी पसरलेली असली कीं ती फट बुजते. मग 'भार' चा 'मार' होतो आणि 'धन' चे 'घन' होतें. माझ्या प्रश्नपत्रिकेंतही हें झालें होतें. मुलांना वाचावयास सोपें जावें म्हणून केलेली योजना वाचनास अधिक कठीण ठरली होती. अंधार होता तर अक्षर मोठें करावयास हवें होतें आणि दोन ओळींत अंतर वाढवावयास हवें होतें. काळें करावयास नको होतें.

आणखी एका बदलाकडे मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे. पूर्वीं ठळक खिळे पेटींत मोजकेच असत, आणि त्या टंचाईमुळें लिहिणाऱ्यास आपोआप शिस्त लागे. हजार शब्दांत पांच शब्द काळे करावयाचे, तर ते पांच कोणते याचा विचार करावाच लागे. आज संगणकावर आणि हातांतल्या दूरध्वनीवर एक कळ दाबली कीं सबंध मजकूर ठळक होतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाहीं. त्यामुळें सोसायटीच्या सूचना, लग्नाच्या पत्रिका, शाळेचीं परिपत्रकें पाहावींत तों सर्व काळें. पाणी कोणत्या दिवशीं येणार नाहीं हें सूचनेंत असतें, पण चार काळ्या परिच्छेदांत दडलेलें. आणि त्या दिवशीं घरोघरीं हंडे रिकामे राहतात. औषधाच्या चिठ्ठीवर सर्वच काळें असलें तर 'जेवणानंतर' हा एक शब्द आजोबांच्या नजरेंतून सुटतो. खिळ्यांची टंचाई गेली. आतां शिस्त आपणच आपणांस लावली पाहिजे.

ती लावण्याची एक सोपी रीत आहे, आणि ती आपण आज घरीं करून पाहावी. लिहिलेला किंवा छापलेला कागद हातभर लांब धरावा आणि डोळे अर्धवट मिटावेत. शब्द वाचतां येणार नाहींत, पण काळ्या जागा दिसतील. त्या दोन किंवा तीन असल्या, आणि वाचणाऱ्यास प्रथम जें कळावयास हवें तेंच त्यांत असलें, तर कागद बरा साधला. सबंध कागद एकसारखा काळा दिसला, तर कांहींच ठळक झालेलें नाहीं असें समजावें. मथळा, तारीख, वेळ, धोक्याची सूचना, शोधावयाचा शब्द, इतक्यांनाच ठळक अक्षराचा मान द्यावा. आपल्याला आवडलेलें वाक्य, आपला राग, किंवा आपलें स्वतःचें नांव, यांना तो शक्यतों देऊं नये.

वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका मीं पुन्हां त्याच छापखान्यांत नेली. या वेळीं मीं कांहींच सांगितलें नाहीं. जुळाऱ्यानें सर्व प्रश्न साध्या खिळ्यांत बसविले, दोन ओळींत शिशाच्या पट्ट्या घालून अंतर वाढविलें, आणि सबंध पानांत दोनच शब्द काळे केले, 'कोणत्याही तीन'. ती मुलगी त्या वेळीं तीनच प्रश्न लिहून, ते पुन्हां वाचून, घंटेची वाट पाहत स्वस्थ बसली होती. सहामाहीचें पारितोषिक मात्र गेलें तें गेलेंच. तें परत देणें माझ्या हातीं नव्हतें. म्हणून आजही एखादा कागद लिहावयास बसलों आणि हात ठळक अक्षराकडे वळला, कीं खालीं पाहत उभी असलेली ती मुलगी मला आठवते, आणि मी स्वतःस विचारतों, "हें खरोखरच महत्त्वाचें आहे का?" बहुतेक वेळां उत्तर 'नाहीं' असें येतें, आणि अक्षर साधेंच राहतें.